देणं बाकी

६ नोव्हेंबर २०१८, ऑरलँडो

फ्लोरिडाची घटनादुरुस्ती क्रमांक चार मंजूर झाली! साठ टक्के मतं लागत होती, चौसष्टच्या वर मिळाली. फ्लोरिडात गंभीर गुन्ह्याची शिक्षा झाली की मताचा हक्क जन्मभरासाठी जायचा. परत हवा तर सुटल्यावर पाच नाहीतर सात वर्षं थांबायचं, मग राज्यपालांपुढे हात जोडायचे. आता खून आणि लैंगिक गुन्हे सोडले तर शिक्षा पुरी झालेल्या प्रत्येकाला मत. चौदा लाख माणसं! ज्यांनी ही चळवळ उभी केली ते डेस्मंड मीड स्वतः तुरुंगवास भोगलेले, बेघर झालेले, पुढे वकिलीची पदवी घेतलेले. आज त्यांना मात्र मत देता आलं नाही.

साताऱ्याला आईला फोन केला. "अगं, शिक्षा भोगून झाली ना त्यांची? मग अडवत कोण होतं?" आपल्याकडे सुटून आलेल्याला मतदानाला कुणी अडवत नाही, त्यामुळे तिला हे उमगेचना. (आत असलेल्यांना मात्र, नुसता खटला चालू असला तरी, मत नाही. तोही अन्यायच, आणि त्यावर आपण फारसं बोलत नाही.)

२९ जून २०१९

काल राज्यपालांनी नव्या कायद्यावर सही केली. दंड, कोर्टखर्च, भरपाई, सगळं चुकतं केल्याशिवाय शिक्षा पुरी धरायची नाही. लोकांनी दिलेलं विधिमंडळाने काढून घेतलं. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

१८ फेब्रुवारी २०२०

साठी ओलांडलेल्या एका गृहस्थांबरोबर कोर्टाच्या काउंटरवर गेले होते. २००९ चा खटला. प्लास्टिकच्या पिशवीत निकालपत्र आणि पुसट झालेल्या पावत्या. निकालपत्रावर एक आकडा, संगणकावर दुसरा, वसुली कंपनीच्या पत्रात तिसरा. गरीब म्हणून सरकारी वकील मागितला, तर त्या अर्जाचेच पन्नास डॉलर लावलेले. वकिलाचे शंभर वेगळे. थकबाकी वसुलीला गेली की कंपनीची फी चाळीस टक्क्यांपर्यंत. काउंटरवरची मुलगी सौजन्याने बोलत होती. पण नक्की किती भरले म्हणजे मत मिळेल, हे तिलाही सांगता येईना. गृहस्थांनी पावत्या तारखेप्रमाणे परत लावल्या आणि पिशवीला गाठ मारली.

२५ मे २०२०

गेल्या वर्षीच्या त्या कायद्याविरुद्धच्या खटल्यात न्यायाधीश हिंकल यांचा निकाल काल आला. ज्यांची ऐपत नाही त्यांना पैशापायी मत नाकारता येणार नाही. निकालपत्र पहाटेपर्यंत वाचत बसले. एका प्राध्यापिकेने १५३ जणांच्या नोंदी तपासल्या. फक्त तिघांच्या सगळीकडे जुळल्या. पंच्याऐंशी हजार नावनोंदण्या राज्याकडे पडून, पण एकाचीही छाननी पुरी नाही. म्हणजे आमच्या काउंटरवर झालं ते सगळ्या राज्यात होतंय.

१२ सप्टेंबर २०२०

अपिलात सहा विरुद्ध चार मतांनी हिंकल यांचा निकाल फिरला.

गृहस्थांना फोन केला. नावनोंदणीच्या अर्जावर आपण पात्र आहोत असं शपथेवर लिहून द्यावं लागतं आणि जाणूनबुजून खोटं लिहिलं तर तो पुन्हा गंभीर गुन्हा. "मी सही करणार नाही. परत आत जायचं नाही मला." त्यांना आग्रह करायचा मला काय अधिकार? मीड यांच्या संघटनेचा निधी आहे, तो लोकांची देणी भरतो. पण भरायला आधी आकडा हवा. नोंदणीची मुदत ५ ऑक्टोबर. सोमवारी काउंटर उघडताच त्यांना घेऊन जाते, आणि या खेपेला आकडा लेखी मागते.