दामूच्या मांडवाकडे निघालेली

आमच्या दोडामार्गच्या बाजूला लग्नात बँडवाल्याला एक गाणं मुद्दाम सांगावं लागत नाही. जेवणाच्या पंगती आटोपत आल्या, मंडपातली माणसं थोडी सैलावली, की ते आपसूक येतं. ‘हांव सायबा पलतडी वयतां’. कोकणी न कळणारा घाटावरचा पाहुणाही पहिल्या चार सुरांवर मान हलवू लागतो. कुणाला ते ‘बॉबी’ सिनेमातलं वाटतं, कुणाला मांडवीतल्या बोटींवर पर्यटकांपुढे नाचून दाखवतात ते. वय विचारलं तर मात्र सगळ्यांचं उत्तर एक : जुनं आहे, लोकगीत आहे, कुणी रचलं देव जाणे.

एवढ्यासाठी देवाला तसदी द्यायचं कारण नाही. ते रचलं कार्लुस एउजेनिओ फेरेरा या गोमंतकीय माणसानं. त्यांचा जन्म 1860चा, मृत्यू 1932चा. गाणं 1895 साली पॅरिसला छापलं गेलं आणि 1926मध्ये बास्तोड्याच्या रांजेल छापखान्यातून गोव्यात. बास्तोडा म्हापशाला लागूनच आहे. दोडामार्गहून अस्नोडा, थिवी करत म्हापशाच्या बाजाराला जाणाऱ्या आमच्या माणसांच्या वाटेच्या टोकालाच या गाण्याचा जन्मदाखला पडलेला आहे, आणि आम्ही ते देवाच्या नावावर खपवतो.

या जातीच्या गाण्याला देखणी म्हणतात. जुन्या ख्रिस्ती घरांच्या दिवाणखान्यात रात्र चढत गेली की आधी मांडो होई, संथ आणि विरहानं जड. मग जलद चालीचं दुलपद. देखणीची गंमत वेगळी. तिच्यात ख्रिस्ती घरातल्या मुली हिंदू कलावंतिणीचा वेष घेत, पायात चाळ बांधत आणि तिच्या तोंडचं गाणं म्हणत. साथीला व्हायोलिन, गिटार आणि त्यांच्या जोडीला आपलं मातीचं घुमट. चर्चच्या शाळेत पोरांना अक्षरओळखीबरोबर स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवण्याची गोव्यात रीतच होती. त्यामुळे चालीचा सांगाडा युरोपातला, ठेका इथल्या मातीच्या भांड्याचा, अशी सरमिसळ तिथे कुणाला खटकत नसे. घुमटाचं तोंड पूर्वी घोरपडीच्या कातड्यानं मढवत. 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर बकऱ्याचं कातडं आलं. चतुर्थीला आमच्याकडच्या घरांतही आरतीला घुमट घुमतं, त्यामुळे या गाण्याचा ठेका आमच्या कानांना कधी परका वाटलाच नाही.

गाण्यातली हकिगत एवढीशीच आहे. एक नाचणारी बाई नदीच्या काठावर येते. पलीकडे दामूचं लग्न आहे, मांडवात कलावंतिणींचा नाच ठरला आहे. तिला तिथे जायचंय, वाट ठाऊक नाही. होडीवाला नेत नाही. ती अंगावरचा दागिना काढून पुढे करते, तो नको म्हणतो. ती दुसरा काढते, तो पुन्हा नको म्हणतो. चाल इतकी मऊ, की हा सगळा प्रकार लाडिक वाटतो. पडद्यावर आणि रंगमंचावर तो तसाच होतो : बाई मुरडते, नावाडी मिशीत हसतो, प्रेक्षक शिट्ट्या मारतात.

मला मात्र त्या गाण्यात दुसरंच काही ऐकू येतं. ही बाई कुणाला भेटायला निघालेली नाही. ती कामाला निघालेली आहे. तिला दामूच्या लग्नाची सुपारी आहे. मांडव उभा असेल, वाजंत्री बसले असतील, यजमान दारात येरझाऱ्या घालत असेल आणि ही अलीकडच्या काठावर अडकून पडली आहे. वाट ठाऊक नाही, याचा अर्थ घर ओळखीचं नाही. बोलावणं आलं की परक्या गावात जायचं, रात्रभर उभं राहायचं, सकाळी परतायचं, हा तिचा धंदा. आणि दागिने? नाचणाऱ्या बाईचे दागिने ही तिची हौस कमी, भांडवल जास्त. ते घातल्याशिवाय मांडवात उभं राहता येत नाही. तेच ती नावाड्यापुढे धरते. एका रात्रीच्या बिदागीसाठी पुढच्या कित्येक रात्रींची पुंजी मोडायला ती तयार होते, कारण एकदा वेळेला पोहोचली नाही तर पुन्हा बोलावणं यायचं नाही. दशावतारातल्या कुठल्याही नटाला विचारा, तो हे डोळे मिटून सांगेल.

नदीच्या त्या पलीकडच्या काठालाही इतिहास आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, बारदेश, सासष्टीतली देवळं पाडायला घेतली, तेव्हा भक्तांनी रातोरात देव उचलले आणि नद्या ओलांडल्या. कुशस्थळीचा मंगेश 1560मध्ये प्रियोळला गेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. देवांमागोमाग सेवेकरी गेले आणि त्यांत गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकाही होत्या. असं होत होत एका काठावर चर्चची घंटा आणि दुसऱ्यावर देवळाची नौबत, अशी गोव्याची वाटणी झाली. फेरेरा त्या घंटेच्या काठावरचे. त्यांच्या गाण्यातली बाई नौबतीच्या काठाकडे निघालेली. तीनशे वर्षांनंतरही त्या काठाची ओढ ख्रिस्ती दिवाणखान्यातून गेली नव्हती, याचा देखणी हा गाता पुरावा आहे.

पण ती ओढ पाहणाऱ्याची होती. कलावंतिणीचं गाणं कलावंतिणीला विचारून कुणी लिहिलं नव्हतं. तिला स्वतःला काय म्हणायचं होतं, ते ऐकायचं तर दुसरीकडे जावं लागतं. गाणं पॅरिसला छापलं गेलं त्या वर्षी फोंडा महालातल्या केरी गावची एक मुलगी तीन वर्षांची होती. आठव्या वर्षी ती कोल्हापूरला अब्दुल करीम खाँसाहेबांकडे गाणं शिकायला गेली, पुढे मुंबईत अल्लादिया खाँसाहेबांच्या तालमीत तयार झाली. केसरबाई केरकर. 1977मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर पृथ्वीवरचे जे निवडक आवाज अंतराळात धाडले, त्यांत त्यांची भैरवी आहे. कुर्डीच्या मोगूबाईही अशाच घर सोडून सुरांमागे गेल्या. राजाराम पैंगीणकरांनी ‘मी कोण?’ या आत्मकथेत या कलावंतिणींच्या समाजाची कहाणी आतून सांगितली. तिच्यात लाडिकपणाला फारशी जागा नाही. देखणीतली बाई या सगळ्यांच्या आधीची. तिचं नाव कुणी टिपून ठेवलं नाही.

1973मध्ये राज कपूरनं ‘बॉबी’ काढला आणि ही चाल देशभर गेली. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं ते माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी, त्यामुळे गोव्याचे सूर त्यांच्या हाताला परके नव्हते. हिंदीत मन्ना डे आणि शैलेंद्र सिंग यांच्या आवाजात गाणं असं फिरलं की सोनंचांदी, माडीबंगला काही नको, अशी पुरुषाची विनवणी झाली. गंमत पाहा. मूळ गाण्यात बाई स्वतःचं सोनं काढून देत होती. हिंदीत सोनं नाकारल्याचा मोठेपणा गाणाऱ्या पुरुषाला मिळाला, आणि नदी, नाव, उशीर, दामूचं लग्न हे सगळं गळून पडलं. चाल जगली, प्रवास बुडाला. गाणं लोकप्रिय होताना बहुतेकदा असंच होतं : आधी कवीचं नाव जातं, मग गाण्यातल्या माणसाचं काम जातं, शेवटी गोडवा तेवढा उरतो.

दोडामार्गात राहून हे गाणं फक्त गोड म्हणून ऐकणं मला जमत नाही. 1999मध्ये सावंतवाडीतून वेगळा झालेला हा तालुका रोज सकाळी पलीकडे गोव्यात जातो. एमएच 07च्या दुचाकी डबे लटकवून सीमेवरचा नाका ओलांडतात : कुणी डिचोलीला, कुणी म्हापशाला, कुणी कारखान्यात, कुणी हॉटेलात. आजारी माणसाला घेऊन गाडी बांबोळीला धावते. 2018च्या जानेवारीपासून तिथल्या सरकारी इस्पितळात परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागलं, तेव्हा इथे मोठं आंदोलन उभं राहिलं. 2020च्या टाळेबंदीत नाकाच बंद झाला आणि किती घरांची चूल पलीकडच्या पगारावर पेटते ते एका झटक्यात कळलं. नदीला मात्र कुणी अडवत नाही. तिलारीच्या धरणाखाली आमची पाट्ये, सरगवे, आयनोडे ही गावं गेली. त्या प्रकल्पात गोव्याचा वाटा 73.30 टक्के, महाराष्ट्राचा 26.70. तीच तिलारी गोव्यात शापोरा होऊन समुद्राला मिळते. पाणी विनासायास पलीकडे जातं, माणसाला नावाड्याची मनधरणी करावी लागते.

म्हणून त्या बाईची घाई मला ओळखीची वाटते. काठावर उभं राहून, जवळ असेल नसेल ते पुढे करून, मला पलीकडे जाऊ द्या, उशीर होतोय, असं सांगणारी माणसं इथे घरोघरी आहेत. तिचा स्वर इतका मऊ का, हेही मग कळतं. ज्याच्या हातात वल्हं आहे त्याच्याशी चढ्या आवाजात बोलून चालत नाही.

शाळांच्या स्नेहसंमेलनांत हे गाणं हमखास बसवतात. निवेदनाच्या कागदावर ‘पारंपरिक गीत’ असं लिहिलेलं असतं. ते बसवणाऱ्या शिक्षकांना माझं एवढंच सांगणं आहे. त्या कागदावर कार्लुस एउजेनिओ फेरेरा हे नाव लिहा, 1895 हे साल लिहा. आणि मुलींना नाच शिकवताना मुरडायला शिकवण्याआधी सांगा, की ही बाई कामाला निघाली आहे आणि तिला उशीर झाला आहे.