रिकामा बैल

त्या 23 मुलांतली सर्वांत हुशार मुलं सराव सोडून काय करत होती, हे कुठे लिहिलेलं नाही. सराव कमी करत होती, एवढंच लिहिलंय. चित्रं काढत असतील, झाडावर चढत असतील, नाहीतर नुसती लोळत असतील. मला नेमकं तेच हवं होतं.

बिलालिच, मॅक्लाउड आणि गोबे या तिघा मानसशास्त्रज्ञांनी 2007 मध्ये हा अभ्यास छापला. इंग्लंडमधली बुद्धिबळ खेळणारी 57 शाळकरी मुलं घेतली. त्यांच्या बुद्धिमत्ता चाचण्या झाल्या, खेळ जोखला, सरावाचा हिशेब ठेवला. सगळी मिळून पाहिली तेव्हा कुणालाही वाटेल तसंच निघालं: सरावाचा वाटा सर्वांत मोठा, पण चाचणीतल्या गुणांचाही थोडाफार. मग त्यांतली उत्तम खेळणारी 23 मुलं वेगळी काढली, आणि काटा उलटा झुकला. या 23 जणांत चाचणीत जो वरचढ, तो पटावर किंचित मागेच. कारण ही वरचढ मुलं सरावाला कमी बसत होती.

'अति शहाणा त्याचा बैल रिकामा' ही म्हण तोंडात आली, आणि तिथेच मी अडकलो. हा बैल कुणाचा? आणि रिकामा म्हणजे नक्की कसा?

एक अर्थ असा लावता येतो, की शहाणा बैल विकायला बाजारात गेला, भावासाठी अडून बसला आणि संध्याकाळी तोच बैल घेऊन परत आला. पण मग रिकामा मालकाचा खिसा, बैल नव्हे. म्हणून मला दुसरा अर्थ बरा वाटतो. बोरघाटातून 1863 साली आगगाडी सुरू होण्याआधी देशावरचं धान्य कोकणात आणि कोकणातलं मीठ देशावर जायचं ते बैलांच्या पाठीवरून, लमाणांच्या तांड्यांबरोबर. समजा त्यातलाच एक शहाणा. खाली धान्य उतरवलं, मिठाचं भाडं कमी म्हणून नाकारलं, उद्या परवा काहीतरी मोलाचं मिळेल म्हणून थांबला. त्याचं गणित चुकलं असेल असं नाही. पण तांडा काही त्याच्या गणितासाठी थांबत नाही. मग एकट्याने घाट चढायचा, मोकळा बैल पुढे घालून. म्हण तिथे जन्मली असेल. नसेलही, हा सगळा माझाच रचलेला घाट आहे.

पण एकदा तो बैल डोळ्यांसमोर आला, की आणखी एक गोष्ट सुचते. म्हणीत बैलाला कुणी काही विचारलेलं नाही. पाठीवर गोणी नाही, वाटेत गवत आहे, मालक डोकं खाजवत मागून येतोय. त्या घाटात त्या बैलाइतकं सुखी कुणी नसेल. मग त्या हुशार मुलांचं तरी काय बिघडलं? फारसा सराव न करता ती पहिल्या 23 जणांत आली. उरलेली दुपार त्यांची त्यांना मिळाली. तिला नुकसान म्हणणारा तांडेवाला कोण?

बैल निघालाच आहे तर सांगतो. लहानपणी वडिलांबरोबर खरसुंडीच्या बाजारात गेलो होतो, खिलार बैलांसाठी नावाजलेला. मला आठवतो तो एक हेडी, गुरांचा व्यापारी. सही करायची वेळ आली की अंगठा पुढे करणारा माणूस. वडिलांनी बैलाचे दात बघितले, दुसा की चौसा, पुन्हा बघितले, भोवरे कुठे आहेत ते तपासलं. हेडी लांब उभा राहून तंबाखू मळत होता. बैल चार पावलं चालला, तेवढ्यात त्याचं बघून झालं होतं. वशिंड, खांदा, खूर कसा पडतो, शेपटी कशी लागते, हे त्याने एकेक करून पाहिलंच नसावं; सगळं मिळून एकदम दिसलं असावं. मग उपरण्याखाली बोटं धरून भाव झाला. काय झाला ते वडिलांनी मला घरी आल्यावर सांगितलं.

चेस आणि सायमन यांनी 1973 मध्ये बुद्धिबळाच्या उस्तादांबद्दल जे दाखवलं, ते याच्या फार जवळचं. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवून पट झाकला, तर उस्ताद बहुतेक मोहरी पुन्हा जागच्या जागी मांडतो. नवख्याला मोजकीच जमतात. पण तीच मोहरी कशीही विखरून ठेवली, तर उस्तादाची ती मिजास उतरते. म्हणजे त्याची स्मरणशक्ती अचाट नसते. हजारो डावांतून नजरेत बसलेले पुंजके त्याला दिसतात. किल्लेकोट केलेला राजा, पुढची तीन प्यादी आणि शेजारचा घोडा हे त्याच्या लेखी पाच मोहरी नाहीत, एकच गोष्ट आहे. बैलाचे अवयव विखरून मांडता येत नाहीत म्हणून आमच्या हेड्याची परीक्षा राहून गेली. शर्यतीच्या घोडेवाल्यांची मात्र झाली. सेसी आणि लाइकर या दोघांनी 1986 मध्ये अमेरिकेत शर्यतींना नेमाने जाणाऱ्या 30 पुरुषांचा अभ्यास केला. घोड्यांवरच्या पैजांचे भाव अचूक सांगणाऱ्यांची आकडेमोड चांगलीच गुंतागुंतीची निघाली, पण तिचा त्यांच्या बुद्ध्यंकाशी काही संबंध लागला नाही.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. हेडी जिंकला, शाळेतला पहिला नंबर हरला. असा शेवट आपल्याकडे फार आवडतो.

पण त्या 23 मुलांना आत घेणारं एक दार होतं, आणि ते खेळाचं होतं. ज्याची बुद्धी बेताची आणि सरावही बेताचा, तो त्या दारातून आत आलाच नाही. आत आले ते एकतर घासून घासून तयार झालेले, नाहीतर उपजत चलाख, नाहीतर दोन्ही. अशा जमावात हुशार मुलं आळशी दिसणारच! बाहेरच्या जगात ती तशी नसतीलही. म्हणजे म्हण ज्याने केली, त्यानेही बाजारापर्यंत पोचलेलेच बैल पाहिले असणार; जो घरातून निघालाच नाही, त्याच्या बैलावर म्हण कोण करणार?

शिवाय 2016 मध्ये बर्गॉइन आणि इतरांनी तोवरचे बरेच अभ्यास एकत्र केले, तेव्हा बुद्धी आणि खेळ यांच्यातला सहसंबंध साधारण 0.24 निघाला. थोडा, पण आहे. आणि लहान वयात, कच्च्या खेळाडूंत जास्त. म्हणजे उंबरठ्यावर बुद्धी लागते आणि आत गेल्यावर तिचं काम सराव करतो? की हुशार मुलालाच आईबाप आधी क्लासला घालतात, आणि आपण मोजतो ती आईबापांची नजर? बुद्धिबळपटू कास्पारोव्हचा बुद्ध्यंक 190 असल्याच्या गोष्टी फिरायच्या. 1987 मध्ये 'देर श्पीगेल' या जर्मन साप्ताहिकाने त्याची चाचणी करवली, तेव्हा 135 निघाला. हा आकडा मी दोन्ही बाजूंनी वापरून पाहिला. दोन्हीकडे बसतो.

आमच्या पिढीने बुद्धिमत्ता चाचणी भोगली ती चौथीच्या स्कॉलरशिपला. गटात न बसणारं पद ओळखा, आरशातली प्रतिमा कोणती. मला त्यात गुण चांगले पडले होते, आणि बुद्धिबळात मी आजही दहाव्या चालीत वजीर घालवतो. सराव केला नाही म्हणून, असं मी आजवर सांगत आलोय. सांगायला सोयीचं आहे ते. सराव केला असता आणि तरी वजीर गेला असता, तर दुसरं काय सांगितलं असतं कोण जाणे. त्या हेड्याला आरशातली प्रतिमा ओळखायला दिली असती, तर तो कदाचित कागद उलटा धरून बसला असता. किंवा तंबाखू मळता मळता पाचच्या पाच उत्तरं सांगून मोकळा झाला असता. मी यातलं पहिलंच का गृहीत धरत आलो, त्याचं उत्तर मला अजून देता येत नाही.