डोक्यावरून जाणारी वीज

विजेची आठवण आम्हांला दोनच प्रसंगी होते. ती गेली म्हणजे आणि तिचे बिल आले म्हणजे. ती कुठून निघते आणि कोणाकोणाची शेते ओलांडून आमच्या घरी पोहोचते, हा विचार सहसा मनात येत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांत काही दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा मात्र तो टाळता आला नाही.

कापूस, तूर आणि सोयाबीनचा हा जिल्हा. त्याच्या पूर्वेला वणीच्या परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. चंद्रपूरहून एक वाहिनी थेट ठाणे जिल्ह्यातील पडघ्याला, म्हणजे आमच्या वसईच्या बऱ्याच जवळ येते. १९९९ साली कार्यान्वित झालेली ही वाहिनी ७५२ किलोमीटर लांबीची असून १५०० मेगावॅट वीज वाहून नेऊ शकते. तिचा दाब अधिक-उणे पाचशे किलोव्होल्ट, आणि विशेष म्हणजे तिच्यातील प्रवाह एकदिश, डीसी आहे.

जनित्रातून निघते ती वीज प्रत्यावर्ती, एसी. ती चंद्रपूरला एकदिश करायची आणि पडघ्याला पुन्हा प्रत्यावर्ती करायची, हे काम थायरिस्टर नावाच्या अर्धवाहक झडपा करतात. विजेचे रूप असे हवे तसे बदलण्याच्या शास्त्राला पॉवर इलेक्ट्रॉनिक्स म्हणतात. दूरच्या प्रवासात या पद्धतीने वीज कमी वाया जाते आणि प्रवाहावर काटेकोर ताबा राहतो. तथापि अशा वाहिनीतून वाटेत थोडी वीज काढून घेणे सोपे नाही. साधा ट्रान्सफॉर्मर तिथे चालत नाही. प्रत्येक ठिकाणी मोठे रूपांतर केंद्र उभारावे लागेल.

हे समजले तेव्हा आम्हांला श्रीमंत मनुष्य आणि लाझरस यांचा दाखला आठवला. लाझरस निदान मेजावरून पडणाऱ्या तुकड्यांची आशा तरी करू शकत होता. या तारांतून तुकडाही पडत नाही! अर्थात खेड्यांना दुसऱ्या वाहिन्यांनी वीज मिळते, हे सांगितले पाहिजे. पण शेतीपंपाला लागणारी थ्री-फेज वीज वर्षानुवर्षे पाळीपाळीने मिळत आली. कधी दिवसा आठ तास, तर कधी रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली की हाती विजेरी घेऊन ओलिताला जायचे. चिखलात साप, बांधावर रानडुक्कर. २०१८ साली पांढरकवडा-राळेगावच्या टापूत वाघिणीची दहशत होती, तेव्हा ओलिताची रात्र घरच्यांनी कशी काढली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

आणि इथेच तेच शास्त्र दुसऱ्या रूपाने भेटते. सौरपंपाच्या पत्र्यांतून निघणारी वीज एकदिश असते, तर पंपाची मोटर बहुधा प्रत्यावर्ती विजेवर चालणारी. दोहोंमध्ये इन्व्हर्टर असतो. त्यातील अर्धवाहक कळा सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. ढग आला की इन्व्हर्टर विजेची वारंवारता उतरवतो. पंप मंदावतो, पण चटकन बंद पडत नाही. वेग थोडा घटला तरी पंपाला लागणारी शक्ती पुष्कळच घटते, म्हणून हे साधते. विहीर फार खोल असली तर मात्र ठरावीक वेगाखाली पाणी वर चढत नाही. कमी उन्हातही अधिकांत अधिक वीज कशी काढावी, हा या क्षेत्रातील अभ्यासकांचा आवडता प्रश्न आहे. त्याचे उत्तर जितके चांगले, तितके पाणी अधिक.

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना सुरू केली. तीत शेतकऱ्याने दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के रक्कम भरायची असते. परंतु पंप बसला म्हणजे काम संपले, असे नव्हे. इन्व्हर्टर ऐन हंगामात बिघडला, तर तो जवळपास कोण दुरुस्त करणार? उन्हाचा ताप आणि धूळ तो किती वर्षे सोसणार? असे प्रश्न मोठ्या परिषदांत क्वचितच मान मिळवतात. पुसदला १९८३ पासून आणि यवतमाळला १९९६ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. या प्रश्नांची प्रयोगशाळा त्यांच्या दारातच पसरली आहे. संशोधनाचा विषय निवडणाऱ्या तरुणाने एकदा बांधावर जाऊन यावे, असे आम्हांला मनापासून वाटते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकायला सांगितले. पडघ्याची झडप आणि शेतातला इन्व्हर्टर ही एकाच विद्येची लेकरे. त्यांपैकी कोणाला आधी वाढवायचे, हे ती विद्या सांगत नाही. ते माणसानेच ठरवायचे असते. सायंकाळी दिवा लावून प्रार्थनेला बसताना, ज्यांच्या शेतांवरून तो प्रकाश आला त्यांचेही नाव आपल्या ओठी यावे.