दोन चालींचा टॉर्च

अंग पितळेचं, तोंड तांब्याचं, मागे दोन चाव्या आणि दोन नळ्या. एका नळीतून ऑक्सिजन येतो, दुसरीतून ॲसिटिलीन. कोलकात्यात पार्क स्ट्रीट जिथे आचार्य जगदीशचंद्र बोस रोडला मिळतो, त्या मल्लिकबाजारात जुन्या मोटारींच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. गॅस वेल्डिंगचा हा टॉर्च अशाच वस्तीत शोभतो.

पेटताना तो तापट वाटतो. पिवळा, लांबलचक, काजळी सोडणारा. ऑक्सिजनची चावी हळूहळू उघडत गेलं की निवळतो, निळा होतो आणि नोझलच्या टोकाशी पांढरा, गोलसर सुळका तेवढा उरतो. त्या सुळक्याच्या पुढ्यात 3,100 अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता असते. या ज्योतीचा अभ्यास 1895 मध्ये फ्रान्सच्या हेन्री ल शातलिए यांनी मांडला. भारतात इंडियन ऑक्सिजन अँड ॲसिटिलीन कंपनी 1935 साली कोलकात्यातच उभी राहिली. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वेल्डिंगही 1966 मध्ये याच शहरात स्थापन झाली. हे शहर टॉर्चचं इथलं माहेरच म्हणायला हवं.

त्याच्या चाली दोन. पहिली फोरहँड. उजव्या हाताचा कारागीर उजवीकडून डावीकडे सरकतो. फिलरची, म्हणजे वितळून जोड भरणारी तार पुढे, टॉर्च मागे आणि ज्योतीचं तोंड अजून न जोडलेल्या फटीकडे. पुढचा पत्रा आधीच तापतो. टॉर्च किंचित डावी-उजवीकडे डुलतो, तार वितळलेल्या थेंबात बुडते, उठते. मडगार्डसारख्या पातळ पत्र्याला हीच चाल मानवते. पाचेक मिलिमीटरपर्यंत तिचं राज्य.

जाड प्लेट आली की मात्र तो पाठ फिरवतो. ही बॅकहँड चाल. आता डावीकडून उजवीकडे जायचं, टॉर्च पुढे आणि तार त्याच्या मागे. ज्योतीचं तोंड नुकत्याच झालेल्या जोडाकडे. टॉर्च सरळ रेषेत चालतो, गिरक्या तार घेते. वितळलेलं लोखंड डोळ्यांसमोर असतं, ज्योत थेट सांध्याच्या तळाशी पोहोचते आणि झालेला जोड ऊब धरून सावकाश निवतो, म्हणून तो चिवट होतो. जाड प्लेटच्या कडांमध्ये फोरहँडला 80 ते 90 अंशांच्या कोनाची खाच लागते, बॅकहँडचं 60 अंशांत भागतं. तार कमी लागते, गॅसही वाचतो, प्लेट कमी वाकते.

आज जाड प्लेटा विजेच्या वेल्डिंगने नेल्या. टॉर्चला पातळ पत्रा उरला, त्यामुळे त्याची दुसरी चाल क्वचितच दिसते. तरीही नव्या मुलाला ती शिकवावीच. झालेल्या कामाकडे ज्योत वळवून ते जपत पुढे सरकायचं, ही शिस्त हाताला तिच्यातूनच लागते. मग परीक्षा सोपी असते. तुकडा शिकंज्यात धरून वाकवायचा. जोड खरा असेल तर शेजारचं लोखंड वाकतं, जोडाला साधी चीर जात नाही.