यंत्राची विस्मृती

गेल्या कार्तिकात, बसवनगुडीत कडलेकाई परिषे म्हणजे शेंगांची जत्रा भरली होती त्या सुमारास, आमच्या लॅपटॉपला विस्मृतीचे झटके येऊ लागले. आम्ही लिहीत असावे, वाक्याच्या मध्यावरच पडदा काळा व्हावा, आणि क्षणभराने यंत्राने आपण होऊन जागे होत, जणू काही घडलेच नाही अशा साळसूदपणे आमचे स्वागत करावे! बाहेर दोड्ड बसवण्णाच्या देवळाकडे माणसांचा लोंढा चालला होता, आणि आम्ही हरवलेले वाक्य आठवीत घरात बसलो होतो.

यंत्र २०१३ सालचे. तीन बदल्यांत ते आमच्यासवे हिंडले. ते टाकून देण्यास एरवी आमची हरकत नव्हती. परंतु वडिलांनी निवृत्तीनंतर लिहिलेल्या दोन वह्या आम्ही त्यावर उतरवून घेत होतो. वह्यांची शाई फिकी होत चालली असल्याने पुढेमागे हीच प्रत खरी ठरणार होती.

रोगाचे निदान आम्ही स्वतःच केले. टास्क मॅनेजर उघडून पाहिला, तो आठ जीबी मेमरीपैकी नव्वद टक्के व्यापलेली! घडा भरला की सांडणारच, हे सांगावयास तज्ज्ञ कशाला हवा? ब्राउझरमध्ये तीसेक पाने उघडी होती, आणि त्यांतील बहुतेक प्रत्येक पान आपली निराळी चूल मांडून बसलेले होते. ती बंद केली. यंत्र सुरू होताच न बोलावता हजर होणाऱ्या चारपाच आगंतुकांनाही मज्जाव केला. मेमरीचा वापर निम्म्यावर आला, झटके थांबले, आणि तीन दिवस आम्ही घरात मोठ्या ऐटीत वावरलो. चौथ्या दिवशी वह्यांची छायाचित्रे एकदम उघडली मात्र, यंत्राने पुन्हा मान टाकली.

अखेर गांधी बाजाराच्या बाजूला असलेल्या एका दुरुस्ती करणाऱ्या तरुणाला शरण गेलो. आमचे निदान ऐकून तो हसला. ‘मेमरी फुल् आद्रे स्लो आगुत्ते, सार. रीस्टार्ट आगोदु बेरे.’ मेमरी भरली तर यंत्र मंदावते. पुन्हा सुरू होणे ही निराळी गोष्ट. जागा अपुरी पडली की यंत्र तूर्त नको असलेला मजकूर डिस्कवर नेऊन ठेवते. डिस्क मेमरीहून कितीतरी संथ, म्हणून आपला खोळंबा होतो. एवढ्याने ते सहसा कोसळत नाही.

त्याने यंत्राची रोजनिशी उघडली. तीत ४१ क्रमांकाची नोंद पुनःपुन्हा आलेली. तिचा अर्थ इतकाच, की मागील खेपेस यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. का, ते तीत नाही. आमच्या कार्यालयातील कित्येक शेऱ्यांची आम्हास आठवण झाली. शिवाय गंभीर बिघाड होताच आपण होऊन पुन्हा सुरू व्हावे अशी सोय यंत्रात मुळातच असते, त्यामुळे निळ्या पडद्यावरील कारण वाचण्याआधीच नाहीसे होते. त्याने ती सोय काढून घेतली. पुढील झटक्यास निळा पडदा स्थिर राहिला, आणि त्यावर मेमरीचेच नाव होते.

मग चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या काढून, एकेक लावून, त्याने रात्रभर परीक्षा घेतली. एक पट्टी निर्दोष निघाली. दुसरी दोन्ही खाचांत चुकली, म्हणजे खाच निरपराध. त्या पट्टीतील काही थोडे कण निकामी झाले होते. काम हलके असता यंत्राची त्यांच्याशी गाठ पडत नसे. गर्दी झाली की त्यांच्यावाचून भागत नसे. म्हणजे आमचे निदान अर्धे खरे होते, आणि त्या अर्ध्या खऱ्यानेच आम्हास तीन दिवस फसविले.

सादर पत्रप्पा रस्त्यावरून जुन्या जातीची पट्टी मिळाली. विंडोज १० चा पाठिंबा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला असल्याने या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नका, असे त्याने बजावले. आणि निघताना सहज म्हणाला, ‘फाइली एकदा तपासून पाहा, सार.’ बिघडलेल्या मेमरीतून गेलेला मजकूर बदलू शकतो, आणि बदललेलाच निमूटपणे जतनही होतो!

त्या रात्री आम्हास झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून सौ.नी वही वाचावी आणि आम्ही पडद्यावर बोट ठेवावे, असा क्रम सात संध्याकाळी चालला. चुका पुष्कळ सापडल्या, परंतु त्या जवळजवळ सर्व आमच्या होत्या. एके ठिकाणी तर अख्खी ओळच आमच्या नजरेने गाळली होती; आमच्या पहिल्या बदलीच्या वेळी स्टेशनावर पोहोचवावयास न येण्याचे कारण वडिलांनी तीत लिहिले होते. यंत्राकडे संशयाने पाहावे असे एकच सापडले: एका छायाचित्राचा खालचा अर्धा भाग करडा झाला होता. वही हाताशी होती; त्या पानाचे छायाचित्र पुन्हा घेतले, आणि साऱ्याची एक प्रत नागपूरला धाकट्या बहिणीकडे पाठविली.