काळजाचे दुखणे

‘काळीज’ या शब्दाने मराठी माणसाची फार दिवसांपासून गंमत चालविली आहे. काळजाचे पाणी होते, काळजाला घरे पडतात, आणि प्रत्येक वेळी आपला हात छातीच्या डाव्या बाजूकडे जातो. वस्तुतः संस्कृतातील ‘कालेय’ म्हणजे यकृत. खाटकाच्या दुकानी काळीज मागितले तर आजही यकृतच मिळते. फारसीतील ‘जिगर’ही तेच. आम्हां हैदराबादकरांच्या तोंडी ‘जिगरी दोस्त’ इतका रुळला आहे की, हा मित्र हृदयाचा नसून यकृताचा आहे, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. वर्गात हा शब्दविचार मी अनेकदा रंगवून सांगत असे. २०१७ साली सौ.च्या आजारपणाने तो घरी आला, तेव्हा त्यातील रंग उडाला होता.

आरंभ अगदी साधा होता. दळणाचा डबा उचलवेना, बोटांचे सांधे दुखत, आणि जन्मात दुपारी आडवी न झालेली बाई जेवण होताच पडून राहू लागली. चाळिशी उलटली की असे व्हायचेच, असे सर्वांनी ठरवून टाकले. पुढे डोळे पिवळे झाले. एका डॉक्टरांनी साधी कावीळ म्हणून पथ्यावर ठेवले. तीन महिने उसाचा रस आणि मुगाचे वरण झाल्यावरही पिवळेपणा हटेना, तेव्हा आम्ही पंजागुट्ट्याच्या ‘निम्स’मध्ये गेलो. रक्ताच्या तपासण्या झाल्या, सुईने यकृताचा कण काढून तपासला गेला, आणि आजाराला नाव मिळाले: ‘ऑटोइम्यून हिपॅटायटिस’. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच आपल्या यकृतावर उलटते. रात्रीच्या गुरख्याने घरधन्यालाच चोर समजून काठी उगारावी, तसे. तो असा का उलटतो, याचे पूर्ण उत्तर वैद्यकाजवळ अजून नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार पुष्कळ अधिक आढळतो.

स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९५० साली तरुण स्त्रियांतील अशा यकृतदाहाचे वर्णन केले. पुढे मेलबर्नच्या इयान मॅके यांनी त्याचा शरीराच्या प्रतिकारशक्तीशी संबंध दाखविला. त्या काळी अनेक रोगी थोड्या वर्षांतच दगावत. १९७१ साली लंडनच्या शीला शेरलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेडनिसोलोन देऊन माणसे अधिक जगतात, हे पद्धतशीर चाचणीने सिद्ध केले. जोडीला अझाथायोप्रिन आले. ते शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक लाभले. आमच्या फडताळात त्या दोन गोळ्यांच्या पट्ट्या असतात. त्या मनाने बंद करायच्या नाहीत, आणि ठराविक दिवसांनी रक्त तपासायचे, हे दोन नियम घरात देवपूजेसारखे पाळले जातात.

औषधाची तजवीज झाली. पंचाईत झाली ती माणसांची. या आजाराच्या नावात दोन शब्द दुर्दैवी आहेत. ‘लिव्हर’ म्हटले की लोकांना दारू आठवते. सौ.विषयी तसे बोलणे अशक्य, म्हणून काही नजरा माझ्याकडे वळल्या. त्या मी सोसल्या, किंबहुना थोड्या मजेने सोसल्या. ‘हिपॅटायटिस’ने मात्र घात केला. बी आणि सी या विषाणूंचे नाव ऐकून ठेवलेली मंडळी लागणीला भ्याली. वास्तविक ते विषाणूही एका पेल्यातून पाणी प्यायल्याने पसरत नाहीत, आणि सौ.च्या दुखण्यात तर विषाणूच नाही. पण हे सांगायचे कोणाला? एका चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला सर्वांना पन्हे स्टीलच्या पेल्यांतून दिले गेले, हिच्या हाती कागदी पेला आला. तिने तो निमूटपणे संपविला, आणि त्यानंतर वर्षभर ती कोणाकडे गेली नाही.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. कोणी काविळीची माळ आणून दिली. वाळत चाललेल्या काड्यांमुळे दोरा सैल पडतो व माळ लांबते, आणि माळ लांबली की कावीळ उतरली असे मानतात. दूषित पाण्यातून होणारी नेहमीची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआपच बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. आमची कावीळ त्या जातीची नव्हती. तेलुगू शेजारी ‘कामेर्लु’वरचा पाल्याचा रस सुचवीत. २०२० च्या साथीत तर प्रतिकारशक्ती वाढविण्यासाठी घरोघर गुळवेलीचा काढा उकळू लागला. ज्या घरी प्रतिकारशक्तीच अंगावर उठली आहे तेथे ती आणखी वाढवून काय साधणार? त्याच वर्षी मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे पाहिले व २०२१ मध्ये ते प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्याला हरकत घेतली. पुढच्या वर्षी निरनिराळ्या शहरांतील ४३ रोग्यांची माहिती पुढे आली. त्यांतील काहींमध्ये सौ.चाच आजार सुप्त होता आणि काढ्यानंतर तो उघड झाला. माणसे काढा देत होती ती मायेपोटीच, म्हणून नाही म्हणणे अधिकच अवघड जाई.

खरा आधार मिळाला तो अनपेक्षित ठिकाणी. प्रेडनिसोलोनने तिचा चेहरा गोल झाला होता. चंद्रमुखी हे संस्कृत कवींचे आवडते विशेषण, पण ज्या बाईला ते औषधाने लाभते तिला आरसा नकोसा होतो. भेटणारे म्हणत, ‘तब्येत छान सुधारली हो!’ इस्पितळाच्या बाकावर वरंगळकडच्या एक बाई शेजारी बसल्या होत्या, चेहऱ्याने सडपातळ. हिच्याकडे थोडा वेळ पाहून त्यांनी विचारले, ‘स्टेरॉइड आ, अक्का?’ मग पर्समधून आधारकार्ड काढून त्यावरचे छायाचित्र हिच्यापुढे धरले. त्यात फुगलेल्या गालांची कोणी दुसरीच बाई होती. ते त्यांचेच, काही वर्षांपूर्वीचे. औषध कमी झाले, गाल गेले, कार्ड मात्र तसेच राहिले! सौ.चे तेलुगू भाजीबाजारापुरते, त्यांना मराठीचा गंध नाही. तरी दोघी त्या दिवशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मी आणि डॉक्टर मिळून जे महिनाभर समजावीत होतो, ते त्या छायाचित्राने एका क्षणात केले.

दुसरा आधार आमच्या काचीगुड्याच्या गल्लीतील एका वृद्ध वहिनींचा. त्यांच्या फटकळपणाला मी नेहमीच बिचकून असे. पुढच्या चैत्रात त्या स्वतःच आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, ‘काय गं, हे लागणारे दुखणे आहे का?’ इतक्या दिवसांत हा प्रश्न सरळ विचारणारे पहिले माणूस तेच. ‘नाही,’ ती म्हणाली. ‘मग पन्हे कर, पिऊनच जाते.’ त्या प्यायल्या, आणि संध्याकाळी भजनीमंडळात सर्वांदेखत सांगून मोकळ्या झाल्या. हळूहळू बोलावणी येऊ लागली. सहानुभूतीने कुजबुजणाऱ्यांपेक्षा अशी फटकळ माणसे आजाऱ्याला अधिक उपयोगी पडतात, असे माझे मत बनले आहे, सौ.ला ते थोडे एकांगी वाटते.

यकृतावर व्रण आहेत. औषध निकामी ठरले तर प्रत्यारोपणाचा मार्ग उरतो, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. मृत्यूनंतर दिलेल्या अवयवांसाठी आपल्याकडे २०१३ पासून ‘जीवनदान’ योजना आहे. शिवाय जिवंत माणूसही आपल्या यकृताचा भाग देऊ शकतो, कारण उरलेले यकृत पुन्हा वाढते. ‘जिगरी’ शब्दाला एवढा अक्षरशः अर्थ असेल, हे मला एम. ए.च्या वर्गात कोणी सांगितले नव्हते.

तूर्त ती वेळ नाही. एसजीपीटीचा आकडा साधारण चाळिसाच्या आत असावा लागतो. पहिल्या तपासणीत तो ९४० होता. रक्ताचा निकाल आला की, संध्याकाळी वरंगळहून फोन येतो. पलीकडून एकच प्रश्न असतो, ‘एंत वच्चिंदि?’ किती आला? गेल्या वेळी सौ. म्हणाली, ‘मुप्पै रेंडु.’ बत्तीस. मग आवकायला यंदा कैरी कोणती घ्यावी, यावर दोघी अर्धा तास बोलत होत्या.