खतावणी आपली, किल्ली कोणाची?

संगणकाची हौस असलेला एखादा तरी सदस्य आज बहुतेक घरांत आढळतो. जुना संगणक मोडीत काढू नये, त्यावर लिनक्स टाकावे. पत्रव्यवहार लिबरऑफिसमध्ये करावा. मोबाइल घेताना कॅमेऱ्याआधी बॅटरी बदलता येते का ते पाहावे, असा त्याचा आग्रह असतो. घरची मंडळी ‘फुकटाचे वेड’ म्हणून हसतात. परंतु त्याच्या आग्रहामागचा प्रश्न व्यापारी घराण्यांना परका नाही: मोल देऊन घेतलेली वस्तू खरोखर आपली झाली का?

या विचाराचे मूळ एका छपाईयंत्रात आहे. १९८० च्या सुमारास रिचर्ड स्टॉलमन अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. जुन्या यंत्रात कागद अडकला की वापरणाऱ्यांना सूचना जावी, अशी सोय त्यांनी स्वतः त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये केली होती. नवे यंत्र आले. कागद त्यातही अडकत असे; पण त्याचा सोर्स कोड मिळेना. दोष डोळ्यांसमोर होता, दुरुस्तीचे ज्ञान होते, तरी हात बांधलेले होते. १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला. पुढे १९९१ मध्ये हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला. आज प्रत्येक अँड्रॉइड मोबाइलच्या आत तोच गाभा काम करतो.

इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दात फुकट आणि मुक्त हे दोन्ही अर्थ एकवटले आहेत. मराठीत ते वेगळे आहेत, हे आपले भाग्य. मुक्त सॉफ्टवेअर विकताही येते; मात्र घेणाऱ्याला ते वापरण्याचा, उघडून पाहण्याचा, बदलण्याचा आणि दुसऱ्यास देण्याचा अधिकार असतो. त्यामागे कष्टही असतात. इंटरनेटवरील व्यवहारांना संरक्षण देणाऱ्या ओपनएसएसएलमध्ये २०१४ मध्ये गंभीर दोष उघड झाला, तेव्हा इतका मोठा भार मूठभर माणसे तुटपुंज्या देणग्यांवर वाहत असल्याचे जगाला कळले. फुकट घेणाऱ्यानेही यथाशक्ती परतफेड करावी, हा व्यवहारधर्मच होय.

बंदिस्तपणाची किंमत मराठी माणसाने भोगलेली आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी निरनिराळ्या फॉन्टांत टंकलेली परिचयपुस्तके, वंशावळी, हिशेबपत्रके आज उघडली की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. तो फॉन्ट नसेल, तर मजकूर असूनही नसल्यासारखा. याउलट सर्वांना खुल्या असलेल्या युनिकोड प्रमाणात लिहिलेली देवनागरी कोणत्याही संगणकावर वाचता येते.

हीच गोष्ट हिशेबाची. पूर्वी रोजकीर्द आणि खतावणी लाल कापडात बांधून कपाटात ठेवीत. आजोबांचे खाते नातवाला वाचता येई. आता वही संगणकात गेली. जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. या काळात सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क थकले, विक्रेत्याने धंदा गुंडाळला किंवा जुनी आवृत्ती बंद पडली, तर आपलीच खतावणी आपल्याला उघडेल का?

प्रत्येकाने लिनक्सच वापरावे, असे नाही. जे सॉफ्टवेअर पेढीवर रुळले आहे, ते सुखाने चालू द्यावे. मात्र यंदाच्या वहीपूजनाआधी घरातील त्या हौशी सदस्याला जवळ बसवावे. एका वर्षाचा संपूर्ण हिशेब सीएसव्ही फाइलमध्ये काढून तो दुसऱ्या संगणकावर, लिबरऑफिसमध्ये उघडून पाहावा. प्रत्येक नोंद जागेवर असेल आणि शिल्लक जुळली, तर निश्चिंत असावे. न जुळल्यास नव्या वर्षाचे शुल्क भरण्यापूर्वी विक्रेत्याकडे त्याचा खुलासा मागावा.